तिसरा टेक

लायनेल कॉथ्रा गेला तेव्हा एका पेपरवाल्या पोरानं मला विचारलं,
बाई, त्यांच्या सिनेमांत खरं किती आणि रचलेलं किती?
एकतीस वर्षं मी त्याची रिळं कापली, जोडली.
कात्री माझ्याच हातात होती,
तरी तो सांधा कुठं पडतो
ते मला सांगता येईना.

हल बंदरातून 'किटिवेक' नावाचा ट्रॉलर
आइसलंडकडे गेला. ऐन जानेवारी. वीस माणसं.
सहा वर्षांनी लायनेल तिथं पोचला,
सोबत एकही नट नाही,
फक्त मालकांनी न दिलेल्या उत्तरांची वही.
बुडालेल्यांची कामं त्यांच्या भावांनी केली.
मालक व्हायला मात्र कुणी तयार होईना.
शेवटी गणिताचे मास्तर उभे राहिले,
पुढे वर्षभर त्यांना गल्लीत कुणी मासळी विकली नाही.

एडा ब्रॉकल्सबीनं एडा ब्रॉकल्सबीचंच काम केलं.
तो म्हणाला, जहाज सुटतंय, तुम्ही मागल्या दारी धुणं वाळत घालताय.
ती म्हणाली, त्या दिवशी आम्ही धुणं धुवत नाही.
माणूस वाहून जातो.
अहो, हे नुसतं चित्रीकरण.
माझा धाकटा आज पहाटेच सुटलाय, ती म्हणाली.
त्यानं पानावर आडवी रेघ मारली.
मी कापलेल्या मैलभर फितीहून
ती एक रेघ मोठी.

मग दाराचं दृश्य. मिशनचा पाद्री बातमी घेऊन येतो.
पाऊस हवा होता, आभाळ कोरडं ठाक;
बंबवाल्यांचा पाइप आणला.
पहिल्या टेकला ती रडली, सिनेमात रडतात तशी.
दुसऱ्याला पाद्री ओल्या पायरीवर घसरला,
सगळे हसले, तीही.
तिसऱ्याला तिनं दार उघडलं,
त्याच्या हातातल्या टोपीकडे पाहिलं
आणि कागदावर नव्हतंच ते बोलली:
तुम्ही चुकीच्या घरी आलात. पुढं विचारा.
दार लागलं.
लायनेल 'कट' म्हणायला विसरला,
की विसरला नाही, देव जाणे.
बंद दार, गळणारी पन्हळ, आत शिटी घालणारी किटली:
चाळीस सेकंद. मी एकही फ्रेम काढली नाही.

त्या रात्री असंच म्हणाला होता का? मी तिला नंतर विचारलं.
त्या रात्री तोंडून शब्द फुटला नव्हता, ती म्हणाली,
हे सुचायला सहा वर्षं लागली.

लंडनला वरच्या मजल्यावर साहेबांनी सिनेमा पाहिला.
बातमी म्हणून खोटा, म्हणाले,
आणि नाटक म्हणून जरा जास्तच खरा.
डबा नऊ वर्षं फडताळात.
तेवढ्यात लायनेलनं गॅस मंडळासाठी
गळती कशी ओळखावी यावर सात लघुपट केले,
तेही खऱ्या गृहिणी घेऊन, सातही वेळा भांडून.
गिरणीच्या आगीवरच्या सिनेमासाठी घर गहाण टाकलं;
तो एकदाच दाखवला, रात्री अकराला, फुटबॉलनंतर.
म्यूरिएल म्हणायची, हा मेल्यांशी जेवढं बोलतो
तेवढं माझ्याशी बोलला असता तर.
तरी त्याचे कोट तीच इस्त्री करायची.

यंदा मार्चमध्ये मी हलला गेले.
संग्रहालयात भिंतीवर एडाचं दार,
खाली पाटी: 'किटिवेक'ची बातमी घरी पोचली तो क्षण. मूळ चित्रण.
माझ्या पर्समध्ये दुरुस्तीचं पत्र होतं,
टाइप केलेलं, तारखांसकट:
पाइपचं पाणी, तिसरा टेक, सहा वर्षांचं अंतर.
शेजारी शाळेतली एक मुलगी उभी होती,
गळ्यातला मफलर दातांत धरून.
दार लागलं. चाळीस सेकंद ती हलली नाही.
मग बाईंना हळूच म्हणाली,
आत कुणी ती किटली का उतरवत नाहीये?

पत्रात मी सगळं लिहिलं होतं,
किटलीचं सोडून.
ती माझी होती.
लीड्सला, माझ्या स्वयंपाकघरात,
एका रविवारी टेपवर घेतलेली.
मी समोर उभी होते
आणि माझ्याच्यानंही
ती उतरवली गेली नव्हती.