बसलेला आवाज

सहा ते साडेआठ वीज जाणार,
हे गेबेऱ्हात शेंबडं पोरही सांगेल.
म्हणून आम्ही दुपारी तीनलाच बसलो
कॉलेजच्या तळघरात, भिंतींना जुन्या गाद्या ठोकलेल्या,
चौघं जण, आठ गाणी,
आणि सोमवारी नऊच्या ठोक्याला
फोर्टाइन मॅडमच्या टेबलावर द्यायचा अल्बम.

रुआनला गिटार वर हवी.
झुबैदाला कोरस.
चॅडविन म्हणाला, ड्रम काढले तर उरतं काय,
आणि बोलता बोलता फेडर ढकलला
ताटातलं कारलं शेजाऱ्याकडे सरकवावं तसा, गुपचूप.
ज्याने त्याने आपलं घोडं पुढे दामटलं.
मीही. माझा कीबोर्ड तिसऱ्या गाण्यात
कारण नसताना दोनदा येतो.
मीटर लाल.
अडीचशे हर्ट्झपाशी नुसता गाळ,
कुणाची तार, कुणाचं बोट, काही कळेना.

सातव्या गाण्यात लुवांडो आहे.
म्हणजे, आता नाही.
मार्चमध्येच तो मोटारींच्या कारखान्यात लागला,
रात्रपाळीला, दारांना रबर बसवतो.
जायच्या आदल्या दिवशी एकच टेक देऊन गेला,
खोसातल्या आठ ओळी, टँकरच्या रांगेबद्दल,
शेवटी एक खोकला,
आणि नेमका त्याच दिवशी आवाज बसलेला.

आता हा बसलेला आवाज गाण्यात बसवायचा.
कॉम्प्रेसर लावला, तर घशातली खरखर आणखी पुढे आली.
रिव्हर्ब लावला, तर पोरगा रिकाम्या चर्चमध्ये चुकला.
रुआन म्हणाला, दुसऱ्या कुणाकडून गाऊन घेऊ.
झुबैदाने हेडफोन काढले
आणि टेबलावर ठेवले. आपटले नाहीत,
ठेवले.

तेवढ्यात वीज गेली.
साडेपाचलाच. वेळापत्रकालाही न विचारता.
यूपीएस केकाटायला लागला:
सात मिनिटं, फार तर आठ.
"सेव्ह केलंस का?"
वर्षभरात पहिल्यांदा चौघं एका सुरात.

मग चॅडविनच्या मामाची टॅक्सी.
सोळा सीटची, एका काचेच्या जागी पुठ्ठा,
पण स्पीकर असे की बास थेट मणक्यात उतरावा.
मामा म्हणाला, मदरवेलची फेरी आहे, चढा,
पैसेवाली माणसं आधी.
आम्ही मागे, एकमेकांच्या गुडघ्यांवर.
पेन ड्राइव्ह पुढे हातोहात गेला.

सातवं गाणं लागलं.
पुढच्या सीटवर एक बाई, मांडीवर कोबीचे दोन गड्डे,
मागे न बघताच म्हणाल्या,
"तो पोरगा काय म्हणतोय ते ऐकू द्या की.
ढोलवाल्याला कसली एवढी घाई?"
चॅडविन पुठ्ठ्यातून बाहेर बघायला लागला.
पुढच्या थांब्याला उतरता उतरता त्याच,
कोबी सावरत,
"घसा बसलाय त्याचा.
रांगेत पहाटेपासून उभं राहिलं की असाच बसतो."

वीज आली पावणेनऊला.
स्नेअर तीन डेसिबलने खाली. चॅडविनने स्वतः.
कीबोर्ड दुसऱ्यांदा येतो तो मी पुसला,
पहिला, खरं सांगते, राहू दिला.
लुवांडोवर चढवलेलं एकेक उतरवलं,
शेवटी त्याच्या अंगावर काहीच उरलं नाही
एका पातळ ईक्यूशिवाय.
खोकला रुआनने दोनदा कापला,
दोनदा परत जोडला,
आणि तिसऱ्यांदा कात्रीवरचा हात मांडीखाली घालून बसला.

फाइल तयार व्हायला अकरा मिनिटं.
एकाहत्तर टक्के. बहात्तर.
कुणी शिंकलंसुद्धा नाही,
जणू अजून रेकॉर्डिंगच चालू आहे.

बारा वीसला, त्याच्या चहाच्या सुट्टीत, मी गाणं पाठवलं.
दोन निळ्या खुणा.
मग त्याचं उत्तर: इथे मशिनींपुढे काही ऐकू येत नाही.
मग बराच वेळ टायपिंग, टायपिंग,
आणि मग:
खोकला काढलात ना?

मी लिहिलं, सकाळी ऐक.