तीनशे बारा, तीनशे चौदा

दिलशादनं भिंतीवर दोन चौकोन मारलेत,
वहीच्या पानाएवढे, शेजारी शेजारी,
आणि स्टुलावर बसून चहात बिस्कीट बुडवतोय.
"बघा मॅडम, सावकाश बघा," म्हणतो,
म्हणजे लवकर बघा.

कार्डावर दोघांची इंग्रजी नावं आहेत,
धुकं, मलमल, असलं काहीतरी.
मी मनात म्हणते: आजची पेज
आणि कालची पेज.
फरक एवढासाच,
पण कालची पेज कुणी वाटीत घेत नाही.

वन्सं डोकावून गेल्या. "पांढरा तो पांढरा,
डाग तेवढा दिसेल."
त्यांना कसं सांगू,
नाशिकरोडच्या प्रेसमध्ये एकोणतीस वर्षं
मी फरक बघायचाच पगार घेतला.
तिकिटांचे ताव. फिका गुलाबी केसभर ढळला
की तांबड्या पेन्सिलीची फुली.
घरी भात वाढतानाही शितं तपासायचे,
नवरा हसायचा.

आता गोष्ट अशी
की उजव्या डोळ्याचा मोतीबिंदू गेल्या महिन्यात काढला,
डावा अजून व्हायचाय.
उजव्यानं बघते: तीनशे बारा निळसर,
नीळ जास्त झालेल्या परकरासारखा,
जेलरोडच्या गच्चीवर वाळत घातलेला.
तीनशे चौदा त्याच्यापुढं जरा मळका.
डाव्यानं बघते: दोन्ही एकच,
दोन्हींवर तुपाचा हात फिरलेला.
दोन्ही डोळे उघडले की भिंत किंचित हलते.

आणि मग ते डोक्यात आलं.
दिलशादला उठवून मीच स्टुलावर बसले.
नोकरीची शेवटची चार-पाच वर्षं,
तुपाचा हात तेव्हाच फिरायला लागला असेल तर?
किती ताव चांगले म्हणून सोडले,
किती चांगल्यांवर फुली मारली?
कुणाकुणाच्या पाकिटावर चिकटून
ते गावोगाव पोचलेही.
तक्रार कुठून आली नाही.

खाली द्राक्षांची हातगाडी ओरडत गेली.
"तीनशे चौदा," मी म्हटलं.
थोडं तूप राहू दे.
"नक्की ना? मागनं बदलायचं नाही हां."
बदलेल की.
पुढच्या महिन्यात डाव्याची पट्टी सुटली
की एका सकाळीत बदलेल खोली,
तुझा एक डबाही न फोडता.

हे त्याला सांगितलं नाही.
एवढंच म्हटलं, तीनशे बाराचा हा चौकोन
तसाच ठेव, वरून ब्रश मारू नको,
इथं कपाट येणार आहे.
"मग दिसणार कुणाला तो?"
नसू दे दिसत.
तपासायचं म्हटलं तर
नमुना लागतो.