बेरीज

पुराच्या तिसऱ्या रात्री
कवलापूरच्या शाळेत माणसं उतरली
ट्रॅक्टरमधून, दुधाच्या टेम्पोतून.
हौसाबाई म्हातारीला तर पाण्यातून
गुळाच्या काहिलीत बसवून आणलेलं.

मराठीचा मास्तर, अक्षर बरं,
म्हणून तहसीलचा कागद माझ्याकडं:
पुरुष, स्त्रिया, मुले.
दारात बाक टाकून, बॅटरी हनुवटीखाली धरून
मी नावं लिहीत होतो.

निंगव्वा आली ती डोक्यावर देवीचा जग घेऊन.
काखेत परडी, गळ्यात कवड्या,
चौंडकं युरियाच्या पोत्यात गुंडाळलेलं,
हिरवं लुगडं मांडीपर्यंत चिखल.
आधार कार्डावर निंगाप्पा. फोटोत बारीक मिशी.
माझं पेन थांबलं.
मागची रांग थांबली.

सातवी अ मध्ये बायका.
दाराशी पारूबाईनं पाय पसरले,
हीच दर मंगळवारी परडीत जोंधळे घालते
आणि वाकून कपाळाला भंडारा लावून घेते.
सातवी ब मध्ये पुरुष. तिथं कुणीतरी हसलं.
निंगव्वानं दोन्ही दारं बघितली
आणि जग व्हरांड्यात टेकवला, घंटेखाली.
"देवीला मोकळं बरं वाटतं," म्हणाली.
पाऊस आडवा येत होता.

सकाळी मसालेभाताची पाकिटं आली, दोनशे बासष्ट.
कागदावर दोनशे बासष्ट.
शाळेत माणसं दोनशे त्रेसष्ट.
तीनदा मोजली.
तलाठी फोनवर म्हणाला,
"मास्तर, गणित कुणाकडं असतं तुमच्यात?"

मी नगरकडचा. इथं बदली झाली तेव्हा
कानाला खटकलं ते एवढंच,
की इथल्या बायका म्हणतात, "मी जातो."
"सकाळीच धुणं धुऊन बसलो."
"माहेरी गेलो होतो गं."
पोरींच्या वह्यांत ते उतरायचं,
मी लाल शाईनं खोडायचो.
चौदा वर्षं खोडलं.

आणि आता या सगळ्या शाळेत
"मी भिजले", "मी बसते इथंच",
असं पुस्तकातल्यासारखं शुद्ध
एकटी निंगव्वा बोलत होती.
एकेक शब्द असा उचलायची
जसं शेजारणीचं उसनं भांडं,
पोचा पडू नये.

फळ्यावर जुलैतला धडा तसाच होता:
तो, ती, ते.
ते लेकरू. ते वासरू. ते आजोबा आले.
अथर्व ढवळेनं विचारलं होतं,
सर, इतक्या लहानालाही ते
आणि इतक्या मोठ्यालाही तेच कसं?
मी म्हणालो होतो, परीक्षेला नाही ते.

दुसऱ्या रात्री जनरेटर बंद पडला.
सातवी अ मध्ये हौसाबाई तापानं बरळायला लागली,
काहिल हलतीय, धरा, काहिल हलतीय.
अंधारात बायका जाग्या झाल्या
आणि कुणालाच काडेपेटी सापडेना.
व्हरांड्यातून पावलं आली.
"कोण ते?" पारूबाईनं विचारलं.

जरा वेळ नुसतं पाणी वाजत राहिलं पन्हाळीतून.

"मी आलो गं. सरक."

आणि पारूबाई सरकली.
सगळ्याच म्हणतात तिथं असं.
मी दाराबाहेर उभा होतो,
माझ्या खिशात लाल पेन होतं.

रात्रभर म्हातारीचं डोकं त्या मांडीवर होतं.
उजाडलं तेव्हा निंगव्वा परत घंटेखाली
वेणी घालत बसलेली,
आणि पारूबाई तिच्याकडं न बघता
चहाचा कप कठड्यावर ठेवून गेली.
ठेवला. हातात दिला नाही.

पाणी उतरलं. माणसं गेली.
घंटेखालच्या फरशीवर भंडाऱ्याचा पिवळा डाग,
शिपायानं दोनदा घासला, राहिलाच.

कागद मी पाठवला.
पुरुष चौऱ्याण्णव, स्त्रिया एकशे सात, मुले एकसष्ट,
एकूण दोनशे त्रेसष्ट.
सप्टेंबरात परत आला,
आकड्याभोवती लाल गोल, शेजारी शेरा:
बेरीज तपासावी.

तपासली.
बरोबर आहे.