दोन टोकं

पहिल्याच भेटीत सांगितलं होतं मी,
दांडिया बाजारात, तिसऱ्या मजल्यावर,
चहा, भाकरवडी आणि दोनवर फिरणारा पंखा:
मी कुणाला हसा म्हणणार नाही.
मान इकडे, हनुवटी वर, असलं काही नाही.
जे होईल ते घेईन.

केतकीची आई म्हणाली,
"आणि काहीच झालं नाही तर?"

मग यादी निघाली.
गॅसच्या बिलामागे, निळ्या शाईत,
एकतीस ग्रुप फोटो.
माहेरचे, सासरचे, बँकेतले,
ग्वाल्हेरचे, अमदावादचे, "ऐनवेळी आठवतील ते".
अगदी खाली दोन नावं, मध्ये फुली:
अरविंदकाका, मुकुंदकाका.
"हे दोघं एका फोटोत नकोत."

का, ते विचारलं नाही मी.
केतकीनंच सांगितलं, जिना उतरताना.
रावपुऱ्यातलं दुकान. मध्ये घातलेली भिंत.
अकरा वर्षं.
इतकी मोजून घातलीय, म्हणाली,
की खिडकीचा एक पल्ला यांच्याकडे आलाय
आणि एक त्यांच्याकडे.

यादीला वीस मिनिटं देईन, म्हटलं.
बाकी दिवसभर मला विसरा.

विसरणं सोपं नसतं.
पहिला तासभर लेन्स दिसली की
अख्खी वाडी पोट आत घेते.
मग भूक लागते, मुंडावळ्या टोचतात,
कुणाचा तरी चष्मा हरवतो,
नवरी शालूवर टॉवेल पसरून
उभ्या उभ्या शेवउसळ खाते,
आणि मी नाहीशी होते.

मुहूर्ताला बाबांनी अंतरपाट उलगडला.
मधला भाऊ. कुणाच्याच बाजूचा नसलेला.
एक टोक थोरल्याच्या हाती दिलं,
एक धाकट्याच्या,
आणि भटजींना काहीतरी अगदी फालतू
विचारायला वळले.

सगळे इकडे, नाहीतर तिकडे.
मी कडेला.
इथून कापडाची नुसती रेघ दिसते.
रेघेच्या या बाजूला तिचे हार धरलेले हात,
त्या बाजूला त्याचं घामेजलेलं कपाळ,
आणि रेघेच्या दोन्ही टोकांना
दोन म्हातारी मनगटं, एकाच घडणीची.

आत्यानं सहा मंगलाष्टकं रचली होती.
स्वतः. घरातल्या प्रत्येकाचं नाव गुंफून.
तिसऱ्याला थोरल्यांचा खांदा उतरू लागला
(आखडलेला, महिनाभर शेक चालू, नंतर कळलं).
मी थोडी पुढे सरकले.
कुंकवाचं स्वस्तिक कललं होतं.

धाकट्यांनी तिकडे पाहिलं नाही.
समोर बघत, अक्षता मोजत असल्यासारखे,
त्यांनी आपलं टोक खाली घेतलं.
दोन बोटं.
स्वस्तिक सरळ.
खांदा पुन्हा उतरला. पुन्हा दोन बोटं.
पाचव्या सावधानपर्यंत
नवरा-नवरी एकमेकांना नाकापर्यंत दिसत होते
आणि मागून कुणी ओरडलं,
"अहो, वर धरा की!"
कुणीच वर धरलं नाही.

तीन फ्रेम घेतल्या. पहिली हलली.

जेवणानंतर यादी उरकली, यादीप्रमाणे.
एक काका नवव्या फोटोत, एक तेविसाव्यात.
दोघेही छान हसले. मी न सांगता.

रात्री मशीनवर तो फोटो आला.
पाठवू नको, असं बिलामागे लिहिलेलंच होतं.
कातरता आला असता:
हात काढून टाकायचे, कापड ठेवायचं.
कातरून पाहिला.
अंतरपाट हवेत लोंबत होता,
कुणी न धरलेला,
आणि आता पडेल असं वाटत राहिलं.
तसाच ठेवला मग. सोळाशे फोटोंत एक.

अठरा दिवस कुणी काही बोललं नाही.
नंतर केतकीच्या आईचा मेसेज,
त्या कधी मेसेज करत नाहीत:

"नंबर ६१२. दोन प्रती.
एकाच मापाच्या पाहिजेत.
मोजून."