अनुपलब्धी

देवगडच्या कॉलेजात अकरावीला तत्त्वज्ञान घेणारे आम्ही चौघं.
वर्ग असा नाहीच. प्रयोगशाळेमागची खोली,
कपाटात बरण्या, एका बरणीत पाकट,
तिचा एक डोळा सतत आमच्यावर.

कोळंबकर सर खडू मोडतात, अर्धा खिशात ठेवतात,
म्हणतात, शिंपला चांदीसारखा चमकला,
तुम्ही वाकलात. चूक कुणाची?
डोळ्याची, शिंपल्याची, की हावेची?
मी म्हटलं, सर, आमच्यात वाकतात ते तिसऱ्यांसाठी.
चांदी निघाली तर कालवणात काय घालायचं?
पाकट सोडून सगळे हसले.

जेटीवर मंदामावशी बांगडे निवडता निवडता विचारते,
"काय शिकतंस गो?"
"तत्त्वज्ञान."
"त्येचा काय करतत?"
तिखलं करतात की सुकवतात,
अजून मलाच कळलेलं नाही.

प्रमाणं सहा. पाच पटली.
सहावं अनुपलब्धी: एखादी गोष्ट नाही,
हे कळण्याचं साधन.
पुस्तकातलं उदाहरण, जमिनीवर घडा नाही.
त्या नसलेल्या घड्यावर मी दोन रात्री डोकं आपटलं.
जमिनीवर हत्तीही नाही,
मग घडाच का?

नारळी पौर्णिमेनंतर होड्या रंगून पाण्यात उतरल्या.
तिसऱ्या खुंट्याला दोर नव्हता.
आमची वैशाखातच जयगडच्या माणसाला गेली;
बाबा आता बर्फाच्या कारखान्यात रात्रपाळीला.

पुण्याची एक बाई तिथंच उभी राहून फोटो काढत होती.
म्हणाली, किती मोकळं पाणी आहे गं इथं.
खरंच होतं. तिला पाणी दिसत होतं,
तिच्या डोळ्यांत काही दोष नव्हता.
मला मात्र
बावीस फूट लांब, निळ्या पट्टीचं,
नाळेवर 'शांभवी' लिहिलेलं,
काना धुपून 'शंभवी' झालेलं
एक नाही
भरतीवर हलताना दिसत होतं.

चाचणीत मी घड्याचंच लिहिलं.
चारपैकी तीन.
समासात लाल अक्षर: उदाहरण स्वतःचं हवं होतं.

सही करण्याआधी बाबांनी सगळं वाचलं,
ओठ हलवत, बोट फिरवत, जसं जाळं तपासायचे.
"घडो नाय, घडो नाय, ता समाजला.
पण गेलो खंय?"

मग पेन धरता येईना,
म्हणून हात चोळत बसले.