दीड चौरस मीटर

उंची गुणिले वजन, भागिले छत्तीसशे,
त्याचं वर्गमूळ.
सुलभाताई माहूरकर, दाणाओळी, लष्कर, ग्वाल्हेर,
निघाल्या बरोब्बर दीड चौरस मीटर.
मी म्हटलं, एवढ्यात चंदेरीचे दोन ब्लाउज होतील.
त्या म्हणाल्या, बाह्या आखूड ठेवल्या तर.

मग मी काचेच्या कपाटात हात घालते,
एकावर एक दोन हातमोजे चढवून,
आणि ते लाल औषध सुईनं ओढून घेते.
नातवंडं हट्टानं मागतील असा सरबती रंग.
शिरेबाहेर गेलं तर मांस जाळतं.
उजेड लागू नये म्हणून बाटलीला काळी पिशवी.
आणि पेशंटला आधीच सांगून ठेवायचं:
लघवी लाल होईल, घाबरू नका, रक्त नाही ते.

सुलभाताई हसल्या.
"लाल बघून घाबरायचे दिवस गेले गं, प्रमिला.
नऊ वर्षं महिन्यातले पंधरा दिवस
मी काळा परकरच नेसले."

नऊ वर्षं सगळे म्हणत होते, साध्या गाठी.
आधी लिंबाएवढ्या, मग मोसंबीएवढ्या
(बाईच्या पोटातलं सगळं फळांच्या मापात,
पुरुषाचा मुतखडा मात्र मिलिमीटरमध्ये).
शेवटी पिशवी काढली, बरणीत घालून तपासायला दिली,
सतरा दिवसांनी कागद आला.
पाच होत्या. चार साध्याच.
पाचवी कधी येऊन बसली कुणास ठाऊक,
हळदीकुंकवाला आलेल्या चौघींत
एखादी अनोळखी बसावी तशी,
कुणाची तरी कुणी असेल म्हणून
नाव विचारायचं राहून गेलेली.

माझ्या पोटात दोन आहेत.
इथं फक्त बिडवई मॅडमना माहीत.
मार्चमध्ये एकाच ड्यूटीत तिसऱ्यांदा कपडे बदलून आले
आणि विचारलं त्यांना,
ह्यातलं थोडं मला नाही का चालणार?
बाटलीच्या तळाला उरतं ते. फेकतोच की आपण.
गमतीत म्हटलं.
मॅडम हसल्या नाहीत.
"हे भराभर वाढणाऱ्याला धरतं. केस, तोंडाची आतली साल,
हाडातलं रक्त. तुझी गाठ आळशी आहे.
तिला कळणारही नाही काही.
कळेल ते तुलाच."

त्या संध्याकाळी मांढऱ्याच्या मातेची टेकडी उतरताना
पायऱ्यांवर प्रसादाच्या पुड्या बांधणारा म्हणाला,
दीदी, आज बड़ी खुश दिख रही हो.
आळशी!
सासूबाई आयुष्यभर मला म्हणत आल्या तो शब्द,
पहिल्यांदाच कानाला गोड लागला.

पण खरं सांगू?
मला ह्या बायकांचा हेवा वाटायचा.
त्यांना खुर्ची मिळते, पाय वर घ्यायला स्टूल मिळतं,
नणंद भिंडहून डबा घेऊन येते,
नवरा पंख्याचं बटण शोधतो.
मला लोखंडाच्या गोळ्या
आणि "होतं गं बायकांना".
हेवा वाटला की मी सुया मोजते.
संपल्या तरी पुन्हा मोजते.

चौथ्या खेपेला सुलभाताई सत्तेचाळीस किलो.
डोक्याला मुलीचा सुती दुपट्टा, भुवया काजळानं काढलेल्या,
एक जरा वर गेलेली,
त्यामुळे सारखं काहीतरी विचारत असल्यासारख्या.
मी पुन्हा गणित केलं. एक पॉइंट त्रेचाळीस.
"घटलं का कापड?"
थोडंसं.
"मग एकच शीव. लांब बाह्यांचा.
हात फार काळे पडलेत सुईनं.
उरलं तर तू घे."

थेंब पडायला लागले. त्यांना डुलकी लागली.
माझी सोनोग्राफी गुरुवारी आहे, दर सहा महिन्यांची,
आणि मॅडम म्हणतात, काळजीचं कारण नाही,
हजारांत एखादी.
हजारांतल्या त्या एखादीचं तोंड
तेवढं खुर्चीवर उघडं पडलेलं, किंचित घोरत.

त्यांच्याच कागदाच्या कोपऱ्यात
मी माझी उंची लिहिली. एकशे अठ्ठावन्न.
वजन अडुसष्ट.
वर्गमूळ काढलं,
एक पॉइंट त्र्याहत्तर,
आणि कुणी पाहायच्या आत
गिरवून गिरवून काळं केलं.