पान अठ्ठेचाळीस

सिनेमा मी पाहिलाच नव्हता.
कांजण्या झाल्या होत्या मला,
आणि बर्डीच्या टॉकीजमध्ये हिंदी बोलणारे डायनासोर
बघून आले आई, बाबा,
शेजारच्या तुमसऱ्यांचा धीरजसुद्धा.
मला आणून दिला मोदी नंबर तीनच्या गल्लीतून
साबणाच्या वडीएवढा गेम,
पाठीत खोचलेली एक राखाडी कॅसेट.
कॅसेटवरचा कागद अर्धा सोललेला,
फक्त दात शिल्लक.

म्हणून माझ्यापुरता सिनेमा असा होता:
एक बुटका माणूस, टोपी दोन ठिपक्यांची,
डावीकडून उजवीकडे चालत जातो.
कोणी कोणाशी बोलत नाही.
अंडी वेचायची. अठरा झाली की फाटक उघडतं.
जंगल शेवाळी, आभाळही शेवाळी,
राक्षस उंचीला आठ ठिपके,
आणि तो ओरडला की सायकलची घंटी वाजते.

त्या काचेला स्वतःचा उजेड नव्हता.
मेच्या दुपारी, पडदे ओढून घर झोपलेलं,
कूलरचं गवत टपटपतंय,
मी दाराच्या फटीतून आलेल्या उन्हाच्या पट्टीत
पोटावर पडून डायनासोर शोधायची.
ऊन सरकलं की मीही सरकायची,
चार वाजेपर्यंत अख्खी खोली पार.
आई झोपेतच म्हणायची, काय करून राहिली वो उन्हात?

धीरजकडे त्याच सिनेमाचा दुसरा गेम होता.
त्यात माणूस व्हायचं नव्हतं, डायनासोर व्हायचं.
खरा कोणता, यावरून दोन दिवस अबोला.
सिनेमा त्यानं पाहिलेला, तरी तोच हरला:
माझ्यात सात लेव्हल, त्याच्यात पाच.

बाबा जीएसआयमध्ये. ऑफिस सेमिनरी हिल्सला,
हिवाळाभर मुक्काम वरोऱ्याकडे, पिसदुऱ्याला.
तिथे खरे होते. शेतात सापडायचे,
हाडं, आणि दगड झालेली लीद.
लीद! मी आणि धीरज हसून हसून आडवे.
हसा, बाबा म्हणाले, पण काय खाल्लं ते लीद सांगते.
हाड फक्त मेला एवढंच सांगतं.

गेम काही लक्षात ठेवायचा नाही.
लेव्हल संपली की आठ अक्षरं दाखवायचा,
ती लिहून घ्या, नाहीतर पुन्हा पहिल्या अंड्यापासून.
हाताशी आली ती वही ओढली.
ती बाबांची फील्ड डायरी निघाली.
मार नाही पडला. त्यांनी पट्टी घेऊन
पानाच्या मधोमध रेघ मारली.
इकडे तू, म्हणाले, इकडे मी.

सिनेमा नंतर पाहिला, टीव्हीवर, कॉलेजात असताना.
किती बोलतात त्यातली माणसं!
अंडी तर कोणी मोजतच नाही.

डायरी परवा सापडली, त्रिमूर्तीनगरच्या फ्लॅटात,
जुन्या वीजबिलांच्या गठ्ठ्याखाली.
पान अठ्ठेचाळीस.
रेघेच्या अलीकडे: मांडीचं हाड, खालचं टोक तुटलेलं,
लांबी एकशे दोन सेंटिमीटर, लाल चिकणमाती.
पलीकडे, माझ्या वाकड्या अक्षरात:
बी एक्स सात के, के दोन टी एम.

गोकुळपेठेतल्या सोनकुसऱ्यांनी
सेलचा हिरवा गंज ब्रशनं घासून काढला.
फुंकर घालू नका हो ताई, म्हणाले, ओल जाते आत.
घरी येऊन मी पहिली फुंकरच घातली.

आठ अक्षरं. घंटी. लेव्हल सात.
दोन जीव, अकरा अंडी,
त्या उन्हाळ्यात ठेवली होती तशीच.

बाबांच्या एका डोळ्याचा मोतीबिंदू काढलाय, एक बाकी.
त्यांनी गेम बाल्कनीतल्या उन्हाला धरला,
नाकाजवळ, भिंगाखाली दगड धरायचे तसा.
टोपी आहे का रे याला? साहेब दिसतो.
मग बटण दाबलं, जोरात,
आणि साहेब पळत सुटले, आणि गेले.

कशानं मेला?
खड्डा होता, बाबा.
किती खोल?
मी वाकून मोजलं. सहा ठिपके.

लिहून ठेव, म्हणाले.